किलोचे प्लास्टिक आणि गुणाचे प्लास्टिक

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत आज प्लास्टिकाशिवाय व्यापाराचे पान हलत नाही. नीरा डाव्या कालव्याच्या बागायतीतील ऊस असो, उजनीच्या पाणफुगवट्याकाठची द्राक्षे-डाळिंबे असोत किंवा जिरायत पट्ट्यातील शेततळे असो, ठिबकच्या नळ्या, मल्चिंग पेपर, शेततळ्याच्या अस्तराचा कागद, भाजीपाल्याचे क्रेट, खताची पोती आणि दुधाच्या पिशव्या ही सारी एकाच घराण्यातील भावंडे होत. या मालाची खरेदी-विक्री करणाऱ्या पेढ्यांत आपल्या समाजातील कुटुंबेही आहेत. ती प्लास्टिक ओळखतात ते दोन मापांनी. एक माप किलोचे आणि दुसरे मायक्रॉनचे. वजन किती आणि जाडी किती, एवढे कळले की भाव ठरतो.

परंतु जगातील रसायनशाळांमध्ये गेल्या सुमारे पन्नास वर्षांत प्लास्टिकाची एक वेगळीच शाखा वाढली आहे. तिचा भाव वजनावर ठरत नाही. ती वीज वाहून नेते, प्रकाश देते, उन्हापासून वीज निर्माण करते. तिला सेंद्रिय इलेक्ट्रॉनिकी असे म्हणतात. येथे ‘सेंद्रिय’ या शब्दाचा शेणखताशी संबंध नाही. कार्बनच्या संयुगांपासून तयार झालेली, एवढाच त्याचा अर्थ. या शाखेत काम करणारे संशोधक काय करतात, त्यातून बाजारात काय आले आणि व्यापारी कुटुंबांनी त्याकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, याचा विचार करण्याची वेळ आता आली आहे.

वीज अडवणारे प्लास्टिक वीज वाहू लागले

प्लास्टिक म्हणजे बहुवारिक. कार्बनचे लहान लहान रेणू एकमेकांना जोडून हजारो कड्यांची साखळी केली की बहुवारिक तयार होते. दुकानातील पिशवीचे पॉलिथिन ही अशीच साखळी. तिच्यातील प्रत्येक कार्बनला दोन हायड्रोजन चिकटलेले असतात आणि सर्व बंध एकेरी असतात. विजेचे वहन करणारे इलेक्ट्रॉन त्या बंधांत जखडलेले राहतात. म्हणूनच विजेच्या तारेवर प्लास्टिकाचे आवरण चढवले जाते आणि आपण ती तार निर्धास्तपणे हाताळतो.

आता याच साखळीतील प्रत्येक कार्बनवरचा एक हायड्रोजन कमी केला, तर बंध एकाआड एक एकेरी आणि दुहेरी होतात. या पदार्थाचे नाव पॉलिॲसिटिलीन. जपानमधील हिदेकी शिराकावा यांच्या प्रयोगशाळेत १९६७ साली एका पाहुण्या संशोधकाकडून उत्प्रेरक ठरलेल्या मापाच्या हजारपट पडला आणि भांड्यात काळ्या भुकटीऐवजी चांदीसारखा चमकणारा पापुद्रा तयार झाला. चमक धातूची होती, पण वीज मात्र त्यातून सहजासहजी वाहत नव्हती. पुढे अमेरिकेतील ॲलन मॅकडायर्मिड टोकियोला व्याख्यानासाठी आले असता चहाच्या वेळी शिराकावांची भेट झाली आणि त्यांनी शिराकावांना फिलाडेल्फियाला बोलावले. तेथे ॲलन हीगर यांच्या साथीने त्या पापुद्र्याला आयोडीनची वाफ देण्यात आली. त्याची वीज वाहण्याची क्षमता सुमारे एक कोटी पटींनी वाढली. हा शोध १९७७ साली प्रसिद्ध झाला आणि २००० साली या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

एकाआड एक दुहेरी बंध आले की इलेक्ट्रॉन एका कार्बनच्या मालकीचे न राहता साऱ्या साखळीवर पसरतात. आयोडीन त्यांतील काही इलेक्ट्रॉन काढून घेते, रिकाम्या जागा निर्माण होतात आणि त्या जागांमधून वीज पुढे सरकते. सराफाला ही गोष्ट लवकर उमगेल. शुद्ध सोन्याचा दागिना घडत नाही. त्यात मोजून तांबे-चांदी घालावी लागते. तेथे मिसळलेली धातू म्हणजे भेसळ नव्हे, ती कारागिराची गरज असते. आयोडीनचेही तसेच आहे.

लाल रंगापासून ट्रान्झिस्टरपर्यंत

पॉलिॲसिटिलीन हवेत टिकत नाही, म्हणून ते थेट बाजारात आले नाही. त्यानंतरच्या संशोधकांपुढे काम उरले ते अशा साखळ्या घडवण्याचे, ज्या टिकाऊही असतील, द्रावणात विरघळतीलही आणि विजेला वाटही देतील. या कामात ज्यांचे नाव आज जगभर घेतले जाते, त्यांत ऑस्ट्रेलियातील ब्रिस्बेन येथील क्वीन्सलँड तंत्रज्ञान विद्यापीठाचे प्राध्यापक डॉ. प्रशांत सोनार हे एक आहेत. नाव वाचताच मराठी वाचकाला आपलेपणा वाटावा असे हे भारतीय संशोधक जर्मनीत माइन्झ येथील माक्स प्लांक बहुवारिक संशोधन संस्थेत डॉक्टरेट झाले, नंतर अनेक वर्षे सिंगापूरच्या शासकीय पदार्थ संशोधन संस्थेत होते आणि २०१४ पासून ब्रिस्बेनमध्ये आहेत.

सिंगापूरमधील त्यांच्या गटाने हाती घेतलेल्या पदार्थाची कथा व्यापाऱ्याला विशेष रुचावी अशी आहे. १९७४ साली एक अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ दुसरेच काही तयार करू पाहत असताना त्याला एक गडद लाल पदार्थ मिळाला. त्याचे लांबलचक नाव डायकीटोपायरोलोपायरोल, थोडक्यात डीपीपी. एका स्विस कंपनीने त्यावर काम करून १९८० च्या दशकात त्याचे रंगद्रव्य बाजारात आणले. उन्हात न विटणारा हा तांबडा रंग मोटारींच्या रंगकामासाठी वापरला जाऊ लागला. म्हणजे डीपीपी हा मुळात रंगाच्या डब्यात किलोने विकला जाणारा माल.

सोनार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या रंगद्रव्याचा रेणू दुसऱ्या रेणूंशी आळीपाळीने जोडून बहुवारिकाची साखळी तयार केली. एक रेणू इलेक्ट्रॉन देणारा, त्याच्या शेजारचा इलेक्ट्रॉन घेणारा, अशी रचना ठेवली की साखळीत विजेची ये-जा सुलभ होते. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका शोधनिबंधातील बहुवारिक तर ऋण इलेक्ट्रॉनही वाहून नेते आणि धन जागाही. वहीच्या भाषेत सांगायचे तर जमा आणि नावे या दोन्ही बाजू एकाच खात्यात चालतात. इलेक्ट्रॉनिक मंडलात दोन्ही प्रकारचे ट्रान्झिस्टर लागतात. एकाच पदार्थाने दोन्हींचे काम भागले तर कारखान्यातील टप्पे कमी होतात आणि खर्चही उतरतो.

सिलिकॉन वितळण्यासाठी १४०० अंश सेल्सिअसहून अधिक तापमान लागते, त्याची चकती कडक असते आणि वाकवली तर तुटते. ही बहुवारिके द्रावणात विरघळतात. त्यांची शाई करून लग्नपत्रिका छापावी तशी ती प्लास्टिकच्या पातळ कागदावर छापता येतात, आणि तयार झालेले मंडल गुंडाळताही येते.

न्हाव्याच्या दुकानातील केस

२०२० साली सोनार यांचे नाव वृत्तपत्रांतून सर्वसामान्य वाचकांपर्यंत पोहोचले ते एका वेगळ्याच प्रयोगामुळे. प्राध्यापक केन ओस्ट्रिकोव्ह आणि सहकाऱ्यांसह त्यांनी ब्रिस्बेनच्या एका केशकर्तनालयात कापून पडलेले केस गोळा केले. केसांत प्रथिने असतात. त्यामुळे कार्बन आणि नायट्रोजन दोन्ही मिळतात. केसांवर आधी रासायनिक प्रक्रिया करून, मग त्यांना २४० अंश तापमान देऊन त्यांपासून कार्बनचे अतिसूक्ष्म कण काढण्यात आले. प्रत्येक कण दहा नॅनोमीटरहूनही लहान. हे कण बहुवारिकात विखुरले की ते लहान लहान बेटांप्रमाणे एकत्र येतात आणि वीज दिली असता प्रकाश देतात. त्यांचा वापर करून लवचीक पडद्यासाठी प्रकाशाचे थर तयार करण्यात आले.

हा प्रकाश दूरचित्रवाणीच्या पडद्याइतका तेजस्वी नाही, आणि संशोधकांनी तसा दावाही केला नाही. त्यांनी सुचवलेला उपयोग साधा आहे. दुधाच्या बाटलीत दूध कितपत चांगले राहिले आहे हे ओळखणारा संवेदक असावा आणि बाटलीबाहेरच्या छोट्या पडद्यावर ते दिसावे. बारामती-इंदापूरच्या वाचकाला या उदाहरणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही. पहाटे गोठ्यातून निघालेले दूध संकलन केंद्रावर, तेथून शीतकरणाला, मग पिशवीत आणि शेवटी शहरातील घरात पोहोचते. या वाटेत कोठे तरी ते तापले आणि नासले, तर दोष कोणाच्या माथी मारायचा हा वाद नेहमीचा आहे. पिशवीवरील तारीख केवळ अंदाज सांगते. प्रत्यक्ष दुधाची अवस्था सांगणारी स्वस्त खूण मिळाली, तर उत्पादक, वाहतूकदार आणि दुकानदार या तिघांचाही न्याय होईल. अशी पिशवी आज बाजारात नाही. मात्र तिच्या दिशेने जाणारी वाट प्रयोगशाळेत आखली गेली आहे.

एका ग्रॅमचा हिशेब

किलोचा आणि गुणाचा फरक आकड्यांत मांडला तर अधिक स्पष्ट होतो. ३१ डिसेंबर २०२२ पासून देशात १२० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक कॅरीबॅगवर बंदी आहे, हे प्रत्येक दुकानदाराला ठाऊक आहे. १२० मायक्रॉन जाडीच्या पॉलिथिनच्या एका ग्रॅममधून सुमारे ९० चौरस सेंटीमीटरचा तुकडा मिळतो, म्हणजे जेमतेम तळहाताएवढा. आता आपल्या भ्रमणध्वनीतील ओएलईडी पडद्याकडे पाहावे. त्यात सेंद्रिय पदार्थांचे जे थर प्रकाश देतात, ते सारे मिळून साधारण १०० ते २०० नॅनोमीटरचे, म्हणजे त्या पिशवीच्या जाडीच्या सुमारे हजाराव्या भागाइतके. अशा १०० नॅनोमीटरच्या थराचा हिशेब केला, तर एका ग्रॅममध्ये सुमारे आठ चौरस मीटर क्षेत्र झाकता येते. एका लहान खोलीची फरशी झाकावी एवढे.

पहिल्या ग्रॅमची किंमत पैशांत मोजली जाते. दुसऱ्या ग्रॅमच्या किमतीत रेणू कसा घडवायचा याचे ज्ञान, तो शुद्ध करण्याचे कष्ट आणि त्यावरील पेटंटचा हक्क हे सर्व येते. कच्चा माल दोन्हीकडे मुख्यत्वे कार्बनच. मूल्यवर्धन हा शब्द आपण गुळाच्या, डाळीच्या किंवा डाळिंबाच्या बाबतीत वारंवार ऐकतो. येथे त्याचे टोक पाहावयास मिळते.

गुणाबरोबर दोषही

कोणत्याही कर्जप्रकरणात उत्पन्नाच्या रकान्याशेजारी जोखमीचा रकाना असतो. तो येथेही भरला पाहिजे. सेंद्रिय अर्धवाहक हवेतील प्राणवायू आणि ओलावा यांच्यापुढे दुबळे असतात, म्हणून त्यांना उत्तम आवरण लागते. त्यांच्यातील विजेची गती स्फटिकरूप सिलिकॉनच्या तुलनेत फार कमी आहे. संगणकाचा मेंदू त्यांच्यापासून तयार होणार नाही. सेंद्रिय सौरघटांची कार्यक्षमता प्रयोगशाळेत १९ टक्क्यांच्या पुढे गेली आहे, परंतु छपरावर वीस-पंचवीस वर्षे ऊन सोसणाऱ्या सिलिकॉन पॅनेलचा टिकाऊपणा त्यांना अजून साधलेला नाही.

आणखी एक बाजू अहिंसेचा संस्कार असलेल्या वाचकाने अवश्य लक्षात घ्यावी. ही बहुवारिके तयार करताना अनेकदा कथिलाची विषारी संयुगे आणि क्लोरोफॉर्म, क्लोरोबेंझिन यांसारखी द्रावणे वापरावी लागतात. कामगाराच्या श्वासावर आणि कारखान्याबाहेरील पाण्यावर त्यांचा परिणाम होऊ शकतो. त्याऐवजी निरुपद्रवी द्रावणे शोधणे हा या क्षेत्रातील संशोधनाचा आज एक मोठा विषय आहे. टाकाऊ केसांकडे वळण्यामागेही हाच विचार दिसतो. जे फेकून दिले जाते आणि ज्याने कोणाला इजा होत नाही, त्यातून काम भागवावे.

घराजवळची वाट

ब्रिस्बेन दूर असले, तरी नव्या प्लास्टिकचा प्रश्न बारामतीच्या दारात येऊन ठेपलेला आहे. महाराष्ट्र शासनाने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिकबंदीची अधिसूचना काढली. पहिल्या गुन्ह्याला पाच हजार, दुसऱ्याला दहा हजार आणि तिसऱ्याला पंचवीस हजार रुपये दंड व तीन महिन्यांपर्यंत कैद अशी तरतूद तीत होती. १ जुलै २०२२ पासून एकदाच वापरून फेकावयाच्या अनेक वस्तूंवर देशभर बंदी आली. गोदामात पडून राहिलेल्या मालाचा तोटा अनेक लहान दुकानदारांनी सोसला. ज्या मालाचा गुण ठाऊक नसतो, त्याच्यावरील बंदीची चाहूलही आधी लागत नाही, हा त्यातील धडा आहे.

या प्रश्नाचे एक उत्तर आपल्याच भागातील उसात दडलेले आहे. साखरेपासून जिवाणूंच्या साह्याने लॅक्टिक आम्ल तयार होते, दह्याला आंबटपणा देणारे तेच हे आम्ल. त्याच्या रेणूंची साखळी केली की पॉलिलॅक्टिक ॲसिड, म्हणजेच पीएलए हे जैवप्लास्टिक मिळते. पुण्याच्या प्राज इंडस्ट्रीजने बारामतीहून पुण्याच्या वाटेवरील जेजुरी येथे जैवबहुवारिकांचे प्रात्यक्षिक केंद्र उभारले असून ऑक्टोबर २०२४ मध्ये केंद्रीय मंत्री डॉ. जितेंद्र सिंह यांच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. साखर आणि इथेनॉल यांच्या जोडीला उसाच्या रसाला तिसरी वाट मिळण्याची ही शक्यता आहे.

येथेही गुण पारखूनच व्यवहार करावा. पीएलए उकिरड्यावर टाकले की आपोआप मातीत मिसळते, ही समजूत चुकीची आहे. ते कुजण्यासाठी ५५ ते ६० अंश तापमान राखणारा कंपोस्ट प्रकल्प लागतो. विक्रेता एखादी पिशवी ‘विघटनशील’ म्हणून देऊ लागला, तर तिच्यावर आयएस १७०८८ या मानकाचा उल्लेख आहे काय आणि उत्पादकाकडे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाचे प्रमाणपत्र आहे काय, हे विचारून घ्यावे. हा प्रश्न न विचारता भरलेला माल उद्या पुन्हा गोदामातच राहण्याची भीती आहे.

मुदत आणि धीर

व्यापाराचा हिशेब दिवाळीच्या वहीपूजनापासून पुढच्या वहीपूजनापर्यंत चालतो. संशोधनाचा हिशेब तसा चालत नाही. वीजवाहक बहुवारिकाचा शोध १९७७ सालचा. कोडॅक कंपनीतील चिंग टँग आणि स्टीव्हन व्हॅन स्लाइक यांनी सेंद्रिय पदार्थाच्या पातळ थरांतून कमी विजेवर प्रकाश मिळवला तो १९८७ साली. केंब्रिजमध्ये बहुवारिकापासून प्रकाश मिळाला १९९० साली. असे पडदे खेड्यापाड्यांतील तरुणांच्या खिशात पोहोचेपर्यंत आणखी वीस-पंचवीस वर्षे गेली. खेळत्या भांडवलाच्या सवयीने पाहणाऱ्यास ही मुदत असह्य वाटेल. हे मुदत कर्जाचे क्षेत्र आहे, तेही दीर्घ मुदतीचे.

असा धीर आपल्या समाजाला अपरिचित मात्र नाही. सोलापूरच्या जैन व्यापारी कुटुंबात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी १९३० च्या दशकात इंदापूर तालुक्यातील कळंबच्या माळावर ऊस आणि साखरेचा उद्योग उभा केला. त्याच वालचंदनगरात पुढे यंत्रनिर्मिती सुरू झाली आणि कालांतराने भारताच्या अवकाश कार्यक्रमासाठी लागणारे भागही तेथे घडले. साखरेपासून अग्निबाणापर्यंतचा हा प्रवास एका पिढीत झालेला नाही. बारामतीत अनेकान्त एज्युकेशन सोसायटीचे तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ पासून विज्ञानाचे शिक्षण देत आहे. त्याच्या नावातच शिक्षणाला हात देणाऱ्या व्यापाऱ्याची आठवण जपलेली आहे.

आजची अडचण पैशाची कमी आणि समजुतीची अधिक आहे. दुकानदाराची मुलगी किंवा मुलगा रसायनशास्त्रात बी.एस्सी. झाला की घरात प्रश्न येतो: पुढे काय, दुकान की नोकरी? संशोधन म्हणजे आणखी पाच-सात वर्षे घरचा खर्च, असे अनेक पालकांना वाटते. वस्तुस्थिती तशी नाही. सीएसआयआर-यूजीसीची नेट परीक्षा देऊन कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती मिळवणाऱ्या विद्यार्थ्यास जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये आणि दोन वर्षांनंतर वरिष्ठ अधिछात्रवृत्ती म्हणून ४२,००० रुपये मिळतात. घरभाडे भत्ता वेगळा. बी.एस्सी.नंतर जॅम परीक्षेतून आयआयटीमध्ये एम.एस्सी.चा प्रवेश मिळू शकतो. बारामतीपासून सुमारे शंभर किलोमीटरवर पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा १९५० पासून कार्यरत असून बहुवारिक विज्ञान हे तिचे जुने बलस्थान आहे. लवचीक इलेक्ट्रॉनिकीसाठी आयआयटी कानपूर येथे स्वतंत्र राष्ट्रीय केंद्र आहे.

दुकान चालवणारी भावंडे आणि रेणू घडवणारे भावंड एकाच घरात असणे यात विसंगती काही नाही. मालाचा गुण जाणणारे कोणी घरात असेल, तर कोणता माल भरावा, कोणता टाळावा आणि कोणत्या नव्या उद्योगात भांडवल गुंतवावे, याचा सल्ला बाहेर शोधावा लागणार नाही. जूनमध्ये महाविद्यालयांचे प्रवेश सुरू होतील तेव्हा ज्या घरात असा विद्यार्थी असेल, तेथे निर्णयापूर्वी एकदा राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची माहिती घ्यावी, महाविद्यालयातील रसायनशास्त्राच्या प्राध्यापकांशी बोलावे आणि त्यानंतरच दुकानाच्या किल्ल्यांचा विचार करावा.